घरगुती इंधनाचा हिशेब : शेण, पाणी आणि ऊन

गावात एखादी नवी योजना आली म्हणजे तिचे माहितीपत्रक ज्या दोन-चार ठिकाणी वाचले जाते, त्यांत शाळा ही एक असते. अर्ज भरून देणे, अटी समजावून सांगणे, आणि शेवटी “गुरुजी, हे घ्यावे की नाही?” या सरळ प्रश्नाला तितकेच सरळ उत्तर देणे, ही कामे शिक्षकाच्या नेमणूकपत्रात लिहिलेली नसली तरी त्याच्या वाट्याला येतातच. गोबर गॅस, छतावरील सौर तक्ते, सूर्यचूल, सुधारित निर्धूर चूल अशा साधनांविषयी हा प्रश्न वारंवार विचारला जातो. माहितीपत्रकात साधनाची किंमत असते, अनुदानाचा आकडा असतो आणि बचतीचेही कोष्टक असते. त्या घराच्या गोठ्यात किती जनावरे आहेत, पाणी कोठून आणावे लागते आणि चूल किती वाजता पेटते, हे मात्र त्यात असावयाचे नाही. वस्तुतः साधन चालेल की बंद पडेल हे याच तीन गोष्टींवर ठरते. प्रस्तुत लेखात मुख्यतः गोबर गॅसचा विचार केला आहे. कारण शेतकरी कुटुंबाशी त्याचा संबंध सर्वांत निकटचा आहे आणि हिशेबाच्या चुकाही त्यातच अधिक होतात.

गोबर गॅस म्हणजे शेण हवाबंद जागी कुजत असता सूक्ष्म जंतूंच्या क्रियेने निर्माण होणारा वायू होय. यात सुमारे 55 ते 65 टक्के मिथेन असतो. उरलेला बहुतेक भाग कार्बन डायऑक्साइडचा असतो. जळतो तो मिथेन. शेण आणि पाणी समप्रमाणात कालवून केलेला शेणकाला प्रवेश-कुंडीतून भूमिगत पाचक कुंडात जातो, तेथे सुमारे चाळीस दिवस राहतो, आणि रोज नवा काला जितका आत जाईल तितका जुना, पचलेला काला निकास-कुंडीतून बाहेर पडतो. वर साठलेला वायू नळीने शेगडीपर्यंत येतो. या जंतूंना उबदार हवामान मानवते. सुमारे 35 अंश सेल्सिअस तपमानास त्यांचे काम उत्तम चालते. 15 अंशांच्या खाली ते फारच मंदावते. म्हणून विदर्भातील संयंत्र आणि सह्याद्रीच्या माथ्यावरील संयंत्र यांच्याकडून पौषात सारख्याच वायूची अपेक्षा करणे योग्य नव्हे.

आता आकड्यांकडे वळू. एक घनमीटर वायूसाठी रोज सुमारे 25 किलो ताजे शेण लागते. माणशी रोजच्या स्वयंपाकास पाव घनमीटर किंवा किंचित अधिक वायू पुरतो. म्हणजे पाच माणसांच्या घरास सव्वा ते दीड घनमीटर हवा. यावरून माहितीपत्रक दोन घनमीटरचे संयंत्र सुचविते आणि त्यास 50 किलो शेण हवे असे सांगते. जनावरामागे दहा किलो, म्हशीमागे पंधरा किलो, या हिशेबाने चार-पाच जनावरे पुरेशी आहेत असे लिहिलेले असते. येथेच पहिली चूक होते.

एका घरी एक बैलजोडी, एक गाय आणि एक म्हैस आहे असे धरू. कागदावर बैलांचे वीस, गाईचे दहा आणि म्हशीचे पंधरा मिळून 45 किलो शेण होते. परंतु बैल दिवसभर शेतावर असतात, गाय रानात चरावयास जाते. त्यांचे निम्मे शेण रानातच पडते. गोठ्यात हाती येते ते बैलांचे दहा, गाईचे पाच आणि दावणीला बांधलेल्या म्हशीचे पंधरा, असे एकूण 30 किलो. त्यातून वायू निघावयाचा तो 1.2 घनमीटर. या घरास दोन घनमीटरचे संयंत्र मोठे होते आणि एक घनमीटरचे बेताचे बसते. पुढे ट्रॅक्टर भाड्याने मिळू लागला म्हणून बैलजोडी विकली, की शेण वीस किलोंवर येते आणि वायू 0.8 घनमीटरवर. महाराष्ट्राच्या कित्येक भागांत गेल्या दोन-तीन दशकांत हेच घडले आहे. संयंत्र जमिनीत होते तेथेच आहे, जनावरे मात्र कमी झाली. बंद पडलेल्या संयंत्राला लोक ‘फसलेले यंत्र’ म्हणतात. पुष्कळदा ते उपाशी असते, इतकेच.

मोठे संयंत्र घेतल्याने अधिक वायू मिळतो हा समजही याच ठिकाणी खोडून काढावयास हवा. वायू कुंडाच्या आकारातून निघत नाही, शेणातून निघतो. अर्धपोटी ठेवलेल्या मोठ्या कुंडापेक्षा भरपूर खाद्य मिळणारे लहान कुंड केव्हाही बरे. अनुदान मोठ्या आकारास अधिक मिळते, म्हणून मोठा आकार मागावा असा मोह होतो. तो मोह शिक्षकाने अर्ज भरतानाच थोपविला तर पुढील मनस्ताप टळतो.

दुसरी गोष्ट पाण्याची. तीस किलो शेणास तीस लिटर पाणी रोज हवे. पन्नास किलोंस पन्नास. एक हंडा बारा-पंधरा लिटरांचा धरला तर हे दोन ते चार हंडे झाले. नळ दारात असेल तर ही गोष्ट किरकोळ आहे. पण माणदेशात किंवा मराठवाड्याच्या दुष्काळी पट्ट्यात, जेथे चैत्र-वैशाखात टँकरची वाट पाहावी लागते, तेथे शेणात ओतावयाचे चार हंडे म्हणजे कोणाच्या तरी डोक्यावरून आलेले चार हंडे होत. गोठा धुतलेले पाणी व जनावरांचे मूत्र यांचा उपयोग करता येतो. साबणाचे अगर जंतुनाशकाचे पाणी मात्र कुंडात जाऊ देऊ नये. त्याने वायू निर्माण करणारे जंतूच मरतात.

तिसरा प्रश्न श्रमांचा. शेण गोळा करणे, त्यातील काडीकचरा व खडे काढणे, पाणी घालून गुठळ्या राहणार नाहीत असे कालविणे, कुंडीत सोडणे आणि निकासाकडील मळी बाजूस नेणे, हे काम रोजचे आहे. रविवार नाही, सण नाही. अर्जावर सही बहुधा घरच्या कर्त्या पुरुषाची असते आणि हे काम बहुधा घरच्या सुनेकडे येते. त्याच्या बदल्यात तिचे सरपणासाठी रानात जाणे, गवऱ्या थापणे, भांड्यांची काजळी घासणे आणि धुरात डोळे चोळीत बसणे वाचते. हा व्यवहार बहुतेक घरांत तिच्या फायद्याचाच ठरतो. तथापि तो तिला विचारून व्हावा, एवढे तरी अगत्याचे आहे. ज्या घरात स्वयंपाक करणाऱ्या स्त्रीने स्वतः चालू संयंत्र पाहिलेले असते, तिने शेगडी पेटवून पाहिलेली असते, तेथे ते टिकण्याचा संभव अधिक. म्हणून अर्जाआधी शेजारच्या गावचे एखादे चालते संयंत्र पाहून यावे आणि त्या वेळी घरातील स्त्रियांना सोबत न्यावे.

आता पैशांचा हिशेब. दोन घनमीटर संयंत्राचा बांधकामखर्च विटा, वाळू, सिमेंट आणि गवंड्याची मजुरी यांनुसार जागोजागी निरनिराळा येतो. उदाहरणापुरता तो 45,000 रुपये धरू. केंद्र शासनाने 2022 साली जाहीर केलेल्या कार्यक्रमात आकार व प्रवर्ग यांनुसार संयंत्रामागे 9,800 पासून 70,400 रुपयांपर्यंत अनुदान ठेवले होते. आपल्याकडे ही योजना जिल्हा परिषदेच्या कृषी विभागामार्फत राबविली गेली. चालू वर्षाचा दर व लक्ष्यांक त्याच विभागाकडून समजून घ्यावा. उदाहरणात अनुदान 15,000 रुपये मानल्यास घरचा खर्च 30,000 रुपये उरतो.

माहितीपत्रकातील बचत पुढीलप्रमाणे काढलेली असते. एक घनमीटर गोबर गॅस उष्णतेच्या दृष्टीने सुमारे 0.43 किलो सिलिंडरच्या गॅसबरोबर असतो. दोन घनमीटरप्रमाणे वर्षाचा वायू 730 घनमीटर, म्हणजे 314 किलो, म्हणजे 14.2 किलोचे 22 सिलिंडर. एप्रिल 2025 मध्ये मुंबईत घरगुती सिलिंडर 852 रुपये 50 पैशांस मिळत होता. त्या दराने वर्षाला 18,755 रुपये वाचले आणि संयंत्राचे पैसे वीस महिन्यांच्या आतच फिटले! गणित बिनचूक आहे, पण ते कोणत्याही घराचे नाही. गावातील साधारण कुटुंब वर्षाला 22 सिलिंडर विकत घेत नाही. जे मुळात विकत घेतलेच जात नव्हते, ते वाचले असे कसे म्हणावे? बचत निर्माण झालेल्या वायूवरून मोजावयाची नसून, बंद झालेल्या खरेदीवरून मोजावयाची असते.

हे सूत्र हाती धरून तीन घरे पाहू. पहिल्या घरी चुलीबरोबर वर्षाला आठ सिलिंडर लागतात. ते सर्व वाचले तर 6,820 रुपये वाचतात आणि 30,000 रुपये साडेचार वर्षांच्या आत भरून निघतात. दुसऱ्या घरी चार सिलिंडर लागतात, बाकी स्वयंपाक सरपणावर. तेथे 3,410 रुपयांच्या बचतीने जवळजवळ नऊ वर्षे लागतील. तिसरे घर उज्ज्वला योजनेतील. मे 2016 मध्ये सुरू झालेल्या या योजनेने गरीब घरांत गॅसजोडणी पोचविली, आणि 2025-26 साली अशा जोडणीस सिलिंडरमागे 300 रुपये साहाय्य ठेवले होते. येथेही चार सिलिंडर लागत असतील तर एका सिलिंडरचा खर्च 552 रुपये 50 पैसे, वर्षाची बचत 2,210 रुपये, आणि भरपाईस साडेतेरा वर्षांहून अधिक काळ. कर्ज काढून संयंत्र बांधले असल्यास व्याज याहून निराळे.

या तीन आकड्यांत एक विपरीत गोष्ट दडलेली आहे. जे घर अधिक गरीब, ज्या घरात चुलीचा धूर अधिक, त्याच घरास पैशांच्या हिशेबाने संयंत्र महाग पडते. कारण त्याचे इंधन आजवर पैशांनी घेतलेलेच नसते, ते डोक्यावरून वाहून आणलेले असते. याचा अर्थ अशा घराने संयंत्र घेऊ नये असा नव्हे. एक घनमीटर वायू सुमारे साडेतीन किलो सरपणाचे काम करतो. तेव्हा रोज दीड घनमीटर वायू मिळणाऱ्या घरातून दिवसाला पाच किलोंवर सरपण कमी आणावे लागते. हा लाभ मोठा आहे, परंतु त्याने बँकेचा हप्ता भरला जात नाही. एवढा भेद अर्जदारास स्पष्ट करून सांगितला म्हणजे पुढे कोणी कोणाला दोष देत नाही.

पैशांच्या बाजूस एक मोठी जमा मात्र बहुधा वगळली जाते. ती म्हणजे मळीची. गवरी जाळली की तिच्यातील नत्र धुरावाटे जातो, आणि तिच्या उष्णतेचा सुमारे दहावा भागच भांड्यास मिळतो. तेच शेण संयंत्रात घातले तर शेगडीवर वायूच्या उष्णतेचा निम्म्याहून अधिक भाग उपयोगी पडतो आणि नत्र मळीत शिल्लक राहतो. मळी ओली असताना पाटाच्या पाण्यातून द्यावी, किंवा काडीकचऱ्याबरोबर खड्ड्यात मुरवावी. उघड्या उन्हात आठवडाभर वाळत टाकली तर तिच्यातील नत्राचा बराच भाग उडून जातो, आणि लोकांस वाटते की मळीत काही कस नाही. भाजीपाला करणाऱ्या, ऊस वा केळी लावणाऱ्या शेतकऱ्याच्या दृष्टीने तर वायू हा दुय्यम लाभ होय. मळी हाच मुख्य. याउलट भूमिहीन कुटुंबाकडे जनावरे असली तरी मळी टाकावयास शेत नसते. त्यांनी ती कोणास द्यावयाची, हे आधी ठरलेले बरे.

या साधनाचा इतिहास आपल्या प्रांताशी जुना जडलेला आहे. 1897 साली मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठालयात मैल्यापासून वायू तयार करून तो दिव्यांसाठी वापरण्यात आला होता. जशभाई पटेल यांनी 1951 च्या सुमारास लोखंडी तरंगत्या टाकीचे संयंत्र सिद्ध केले. पुढे साठाव्या दशकात खादी व ग्रामोद्योग आयोगाने त्याचा देशभर प्रसार केला. त्या टाकीत वायूचा दाब एकसारखा राहतो आणि किती वायू साठला आहे ते डोळ्यांना दिसते. दोष एवढाच की लोखंड गंजते व दरवर्षी रंग द्यावा लागतो. 1984 साली पुढे आलेल्या ‘दीनबंधू’ रचनेत लोखंडी टाकी नाही. विटांचा घुमटच वायू धरून ठेवतो. ती स्वस्त आहे, पण घुमटाचा आतील गिलावा प्रशिक्षित गवंड्याकडूनच करून घ्यावयास हवा. हौसेने गावच्या कोणत्याही गवंड्याकडून बांधलेल्या घुमटाला केसाएवढी भेग राहिली तरी वायू शेगडीपर्यंत पोचत नाही, आणि ती भेग शोधणे फार कठीण जाते.

शौचालय संयंत्रास जोडावे काय, हा प्रश्न अनेक घरांत संकोचाने विचारला जातो. या बाबतीत देहूचे डॉ. सुहास मापुसकर यांचे कार्य शिक्षकांनी अवश्य माहीत करून घ्यावे. 1959 साली तेथील आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी म्हणून आलेल्या या डॉक्टरांनी उघड्यावरील शौचविधी बंद व्हावा म्हणून आयुष्य वेचले आणि शौचालयास जोडलेल्या वायुसंयंत्रांची रचना सुधारून ती प्रत्यक्ष चालवून दाखविली. 2017 साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री देण्यात आली. शास्त्रदृष्ट्या त्या ज्योतीत आणि शेणाच्या ज्योतीत काडीचाही भेद नाही. तरीपण ज्या घरी हा विचार मनास पटत नाही, तेथे आग्रह धरून जोडणी करू नये. मनाविरुद्ध लावलेली शेगडी कोपऱ्यात पडून राहते. मैल्याचा वाटा असलेली मळी उघडी हाताळू नये व भाजीपाल्यास ताजी देऊ नये, हेही सांगावयास हवे.

ज्यांच्याकडे जनावरेच नाहीत त्यांचे काय? पुण्याचे डॉ. आनंद कर्वे यांनी ‘आरती’ या संस्थेमार्फत खरकटे, खराब झालेले पीठ, पिठूळ बिया अशा पदार्थांवर चालणारे लहान संयंत्र तयार केले. प्लॅस्टिकच्या पाण्याच्या टाक्या एकात एक उपड्या बसवून ते बनते. 2006 साली या कामास ॲश्डेन पुरस्कार मिळाला. पिठूळ पदार्थ शेणापेक्षा कितीतरी लवकर पचतो, त्यामुळे कुंड लहान पुरते. पण त्यास रोज किलो-दोन किलो अन्नपदार्थ हवेत, आणि खेड्यातील घरात इतके अन्न वाया जात नाही. उरले तर ते गाई-म्हशींपुढे किंवा कोंबड्यांपुढे जाते. शहरातील खाणावळीस हे साधन शोभते. शालेय पोषण आहाराच्या स्वयंपाकघरात ते बसवावे अशी सूचना अधूनमधून येते. पटसंख्या मोठी असेल तर ती विचारात घेण्याजोगी आहे, परंतु दिवाळीच्या व उन्हाळ्याच्या सुटीत त्यास खाद्य कोण घालणार हे आधी ठरवावे लागेल. उपाशी राहिलेल्या टाकीत शाळा उघडल्यावर एकदम भरपूर खरकटे टाकले म्हणजे आतला काला आंबतो, आणि वायूऐवजी केवळ दुर्गंधी मिळते.

उन्हावर चालणाऱ्या साधनांविषयी थोडक्यात लिहिले तरी पुरे. पेटीची सूर्यचूल स्वस्त आहे. तीत भात, डाळ, बटाटे, शेंगदाणे उत्तम शिजतात, दोन-तीन तास लागतात आणि करपण्याचे भय नाही. भाकरी मात्र तिच्यात होत नाही. शिवाय ती तापते अकरा ते दोनच्या दरम्यान, आणि शेतमजुराच्या घरी स्वयंपाक पहाटे किंवा दिवेलागणीला होतो. पावसाळ्यात ती बंदच. शिर्डीच्या प्रसादालयात 2009 पासून सूर्यउष्णतेच्या वाफेवर मोठ्या प्रमाणात स्वयंपाकाची सोय झाली, हे उदाहरण पुष्कळदा दिले जाते. ते संस्थेचे उदाहरण आहे. त्यावरून घराचा हिशेब काढता येत नाही. पवनचक्कीचा विचार एका घरापुरता करूच नये. सुधारित निर्धूर चुलीचा राष्ट्रीय कार्यक्रम 2002 साली बंद झाला असला तरी ती चूल आजही उपयोगी आहे. धुराडे महिन्यातून एकदा झाडले पाहिजे आणि वैल घरच्या भांड्यांच्या मापाचे हवेत, एवढी पथ्ये पाळली की तिच्याइतके कमी खर्चाचे साधन दुसरे नाही.

छतावरील सौर तक्त्यांची गोष्ट निराळी आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत एक किलोवॅटला 30,000, दोनला 60,000 आणि तीन वा त्याहून अधिक किलोवॅटला 78,000 रुपये केंद्राचे अनुदान ठरले. एक किलोवॅटला सुमारे शंभर चौरस फूट सावलीविरहित जागा लागते आणि वर्षाच्या सरासरीने रोज चार युनिटांच्या आसपास वीज मिळते, म्हणजे महिन्यास सुमारे 120 युनिटे. ज्या घराचा वापर महिन्याला चाळीस युनिटांचा आहे, त्याचे बिल मुळातच लहान असते. पहिल्या शंभर युनिटांचा दर सर्वांत कमी असतो. अशा घराने कर्ज काढण्यापूर्वी राज्याची पूरक मदत आहे काय, हे महावितरणच्या कार्यालयात विचारावे. जेथे पाण्याचा पंप, शीतकपाट, पिठाची लहान गिरणी घरगुती मीटरवर चालते, तेथे पैसे लवकर फिटतात. छप्पर कौलारू असेल तर सांगाडा बसविण्याचा खर्च वाढतो, आणि कोकणातील माकडांचा विचार तर कोणत्याच माहितीपत्रकात नसतो.

एक गैरसमज मात्र आवर्जून दूर करावयास हवा. “तक्ते बसविले म्हणजे वीज गेली तरी आमचे दिवे चालतील,” असे बहुतेकांस वाटते. वाहिनीस जोडलेली साधी यंत्रणा, वीज गेल्याबरोबर, भर उन्हातही आपोआप बंद पडते. तिने तसे बंद पडावे हेच योग्य. अन्यथा खांबावर दुरुस्ती करणाऱ्या वायरमनच्या तारेत छतावरची वीज जाऊन त्याचा प्राण जाईल. भारनियमनातही प्रकाश हवा असेल तर बॅटरीची निराळी योजना करावी लागते, आणि तक्ते पंचवीस वर्षे टिकले तरी शिसे-आम्लाची साधी बॅटरी चार-पाच वर्षांतच बदलावी लागते.

वरील हिशेब शाळेत करून पाहण्यासारखा आहे. पाचवीच्या पुढील मुलांनी आठवडाभर आपापल्या घरी रोज जळालेले सरपण ताणकाट्यावर तोलावे, गोठ्यातील शेणाच्या पाट्या मोजून एक पाटी तोलावी, पाण्याचे हंडे मोजावेत, आणि चूल पेटल्याची व विझल्याची वेळ लिहून ठेवावी. सरासरी, गुणोत्तर आणि त्रैराशिक यांचा यातून जो अभ्यास होतो तो पाठ्यपुस्तकातील काल्पनिक हौदांपेक्षा खचितच सरस असतो. शिवाय गावास विश्वसनीय आकडे मिळतात. सात दिवसांच्या नोंदीचा तो कागद अर्जास जोडला तर संयंत्राचा आकार ठरविण्यास कृषी विभागासही साहाय्य होईल. मुलांना मात्र चालू किंवा बंद कुंडात डोकावू देऊ नये. आतील वायू श्वासास घातक असतो. रिकाम्या दिसणाऱ्या कुंडात उतरून प्रौढ माणसे गुदमरून मेल्याच्या घटना घडलेल्या आहेत.

ज्या गावात आधीच बांधलेली पण बंद पडलेली संयंत्रे आहेत, तेथे नव्या अर्जापेक्षा जुन्याची दुरुस्ती पुष्कळदा स्वस्त पडते. प्रथम रोज किती शेण जाते ते विचारावे. त्यानंतर नळीत साठलेले पाणी काढून पाहावे. ज्योत फडफडते किंवा विझते ती बहुधा या पाण्यामुळे, आणि पाणी काढण्याची तोटी असते हेच कित्येक घरांत ठाऊक नसते. मग साबणाच्या फेसाने सांधे तपासावेत. शेगडीची भोके काजळी व गंजाने बुजली असतील तर तारेने मोकळी करावीत. निकास-कुंडीच्या तोंडाशी मळी घट्ट झाली असल्यास बांबूने ढवळावी, पण वाकून आत जाऊ नये. इतके करूनही वायू येत नसेल तरच घुमटाच्या गिलाव्याचा संशय घ्यावा व प्रशिक्षित गवंड्यास बोलवावे. कुंड पुन्हा भरावयाचे असल्यास उन्हाळा बरा. ताज्या शेणकाल्यात जवळच्या चालत्या संयंत्रातील मळीच्या काही बादल्या विरजणासारख्या मिसळाव्यात आणि धीर धरावा. सुरुवातीचा वायू पेट घेत नाही, कारण त्यात कार्बन डायऑक्साइड अधिक असतो. तो एक-दोन वेळा दारे-खिडक्या उघड्या ठेवून, जवळ विस्तव नसताना सोडून द्यावा. त्यानंतर ज्योत शेगडीवरच लावून पाहावी. घुमटाच्या नळाशी कधीही नव्हे.